नेत्यांसाठी आकाश बंद का?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दौऱ्यावर गेले की भोवतालच्या 30 सागरी मैलांच्या आकाशावर निर्बंध येतात. 2017 मध्ये ट्रम्प यांच्या मार-अ-लागोजवळच्या लँटाना विमानतळावर विमान शिकवणाऱ्यांचा धंदा यामुळे दर दौऱ्याला बसायचा. तरीही जिवाच्या सुरक्षेसाठी हे मला मान्य आहे. खासगीपणासाठी मात्र नाही. त्यांनी बंगल्याला पडदे लावावेत.

मित्रांनो, मला चिंता वेगळीच आहे. ऑगस्ट 2014 मध्ये फर्ग्युसनला मायकेल ब्राऊन या 18 वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळ्या घातल्या. लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या मागणीवरून 37 चौरस मैलांचे आकाश बंद झाले. कारण काय, तर सुरक्षा! पुढे असोसिएटेड प्रेसने मिळवलेल्या ध्वनिफितींतून उघड झाले की वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टर तिथे नको होती. लाठीमाराआधी आमच्या मोर्चातले मोबाईल खाली करायला लावलेले मी पाहिले आहेत. फरक फक्त उंचीचा.

म्हणून बंदी कोणी मागितली, कशासाठी आणि किती दिवस, हे त्याच दिवशी जाहीर झाले पाहिजे. पत्रकारांचा कॅमेरा तर त्या बंदीतून वगळलाच पाहिजे.