विहिरीतून बर्फावर

लातूरहून नांदेडकडे निघालं की चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावं लागतात आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक तरी पंक्चरचं दुकान असतं. ही ज्याची गोष्ट, त्याच्या मामाचं दुकान अहमदपूरच्या बाहेर होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, दोन टॉमी, सोल्यूशनचा डबा आणि मधोमध कापलेल्या पिंपात काळंभोर पाणी. रस्त्याकडेला टेकवलेल्या टायरवर पांढऱ्या रंगानं ‘पंचर’ लिहिलेलं, तीच दुकानाची पाटी.

मे महिन्याची सुटी तो तिथंच काढायचा. मालट्रकची ट्यूब टायरमधून ओढून काढली की थोडी हवा भरून ती पिंपात बुडवायची आणि वीत-वीत फिरवत न्यायची. बुडबुडे आले की मामा तिथं अंगठा दाबायचा, फडक्यानं पुसायचा, कानशीनं घासायचा आणि ठिगळ बसवायचा. ठिगळांवर ठिगळं बसून जी ट्यूब पुन्हा ट्रकला घालण्याच्या लायकीची राहत नसे, ती पोरांच्या वाट्याला यायची. देताना मामा दर वेळी बजावायचा, ‘‘हवा कमी भर रे, उन्हात फुगंल.’’

ती खांद्यावर टाकून पोरं विहिरीकडे पळायची. मराठवाड्यातल्या त्या पिढीला पोहायला विहिरी होत्या. कुणी वाळका भोपळा पाठीला बांधून शिकलं, कुणी तेलाच्या रिकाम्या डब्यावर. पण ट्यूब ज्याच्याकडे तो त्या दिवसाचा राजा. चौघं लोंबकळले तरी ती बुडत नसे. तिची खोड एकच. आतल्या बाजूला व्हॉल्व्हचा पितळी देठ असायचा. वरून उडी मारून नेमकं मधोमध पडायला गेलं की तो पोटावर लांबलचक ओरखडा काढायचा, आणि घरी गेल्यावर आईला तो ओरखडा पाहूनच विहिरीचा पत्ता लागायचा.

उरलेल्या ट्यूबचंही काही वाया जात नसे. पट्ट्या कापून गलोली व्हायच्या, बैलगाडीवरचा कडबा बांधला जायचा, आणि गळक्या पाइपाच्या जोडावर ट्यूबची पट्टी करकचून आवळली की वर्षभर बघायला नको.

१९८२ साली उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे स्थापत्यची पदविका घेऊन पाटबंधारे खात्यात लागला. काही वर्षं नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पावर, गोदावरीच्या काठी, बाकीची लातूरला. नोकरीनं त्याला एक सवय लावली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. समोर जे दिसेल त्याचे तो मनातल्या मनात लिटर, दलघमी आणि टीएमसी करतो. लग्नाच्या मांडवात बर्फाची लादी आली तरी तिचं पाणी किती होईल, याचा हिशेब चालूच.

बर्फ त्याला तोवर एवढाच माहीत होता: भुशात गुंडाळून गोणपाटातून आलेली लादी आणि रंध्यावर खिसलेला, लाल-पिवळा रंग ओतलेला गोळा. डोंगरावरचा बर्फ त्यानं पहिल्यांदा बघितला तो खात्यातल्या मित्रांच्या कुटुंबांसोबत, ऐन मे महिन्यात. अटल बोगदा तेव्हा नव्हता. जीपगाड्या मनालीहून पहाटे निघून रोहतांगच्या ३,९७८ मीटर उंचीच्या खिंडीकडे रांगेनं चढायच्या. वाटेत भाड्याच्या लांब कोटांची आणि गमबुटांची नंबर घातलेली दुकानं. त्याला मिळालेल्या कोटाच्या खिशात आधीच्या प्रवाशाचा हातरुमाल आणि फुटाण्यांची पुडी होती.

वर पोचल्यावर दिसला तो गाड्यांच्या धुरानं राखाडी झालेला, पावलांनी तुडवलेला बर्फ. आणि त्या उतारावर एक पोरगा ट्यूब घेऊन उभा. काळी, मालट्रकची, ठिगळं लावलेली ट्यूब! बाकीचे फोटो काढत असताना हा अंगठ्यानं दाबून तिची हवा बघत होता. हवा जरा कमीच वाटली. हॉटेलाबाहेरच्या उन्हात फुगवलेली ट्यूब बर्फावर आणली की आतली हवा गार होऊन आकसते आणि ट्यूब ढिली पडते. मामाचाच नियम, फक्त उलट्या बाजूनं.

तो बसला, पोरानं ढकललं आणि गावाकडच्या विहिरीत कधी न लागलेला वेग त्याला त्या उतारानं दाखवला. ट्यूबला सुकाणू नाही, ब्रेक नाही. ती गरगर फिरत जाते आणि माणूस कधी तोंड पुढं करून तर कधी पाठ पुढं करून खाली पोचतो. खाली सपाट जागा होती म्हणून ती थांबली. व्हॉल्व्ह मात्र याही वेळी लागला, कोटावरून.

बर्फावर ट्यूबनं घसरायचा खेळ परदेशातही याच ट्रकच्या ट्यूबवर रुजला. पुढं त्यासाठी वेगळ्या ट्यूब निघाल्या: खाली कडक प्लास्टिकचा तळ, वर जाड कापडाची खोळ, धरायला दोन मुठी, ओढायला पट्टा आणि व्हॉल्व्ह खोळीच्या आत लपवलेला. बर्फाचे बांध घालून प्रत्येकाला वेगळी घळ आखून देतात, म्हणजे एकाची ट्यूब दुसऱ्यावर आदळत नाही. वर चढवायला सरकता पट्टा. खाली लांब सपाट मोकळी जागा, आणि वेग जास्त असेल तर वाटेत रबरी चटया अंथरलेल्या. अनेक पार्कांत साडेतीन फुटांखालच्या मुलांना एकट्यानं सोडत नाहीत. एवढ्या व्यवस्थेमागं कारण एकच: ट्यूबवर बसलेल्या माणसाच्या हातात काहीही नसतं.

घरातल्या पुढच्या पिढीचा बर्फ वेगळ्या वाटेनं आला. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, आणि हैदराबादेत लोअर टँकबंडला २००४ साली ‘स्नो वर्ल्ड’ सुरू झालं. बंद इमारत, आत उणे ५ अंश, अंगात त्यांनीच दिलेला कोट, बाहेर चाळीसच्या घरातलं ऊन. त्याच्या लेकीनं पहिली घसरगुंडी तिथं केली. ती खूश होती. हा मात्र भिंतीपलीकडच्या यंत्रांचा आवाज ऐकत बसला होता.

२०१४ साली बर्फ आपणहून घरी आला. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट होत राहिली. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपून निघाल्या. काही शिवारांत गारांचा थर इतका साचला की रान पांढरं दिसत होतं. अहमदपूरकडच्या नातेवाइकांनी फोटो पाठवले; त्यातल्या एकात शेजारच्यांचं लेकरू ओंजळीत गारा घेऊन हसतंय आणि मागं त्याचा बाप बांधावर डोकं धरून बसलाय. घरी कुणी तो फोटो पुढं पाठवला नाही.

आणि मग २०१६. मांजरा धरण कोरडं. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचं १४४ कलम लागलं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या त्या वाघिणी बघायला शहर लोटलं होतं. पुढे ५० वाघिणींची गाडी यायला लागली, तेव्हा एका खेपेला २५ लाख लिटर. मामाचं दुकान तोवर मामेभाऊ चालवत होता. पिंपातलं पाणी बदलायचं त्यानं सोडून दिलं होतं. पंक्चर शोधायला तो ट्यूबवर थुंकी लावायचा.

याच दुष्काळानंतर कधीतरी त्यानं परदेशातल्या ट्यूबिंग पार्कवरचा एक कार्यक्रम टीव्हीवर बघितला. तिथं निसर्गानं बर्फ टाकला नाही तर यंत्रांच्या तोफा तो पाडतात: पाणी आणि दाबलेली हवा थंडीत फवारायची, थेंब खाली येईतो गोठतात. हवा पुरेशी कोरडी आणि शून्याच्या आसपास किंवा खाली असावी लागते, म्हणून मराठवाड्यात उघड्यावर हे कधीच जमणार नाही. त्यानं सवयीप्रमाणे कागद ओढला. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर फूटभर थर म्हणजे १,२३३ घनमीटर बर्फ. यंत्राचा बर्फ घट्ट, घनमीटरला चार-पाचशे किलो भरतो. पाणी झालं ५ ते ६ लाख लिटर. जलदूतची पहिली अख्खी गाडी एका एकराच्या एका फुटात संपली! आभाळातून पडलेल्या ताज्या बर्फाचं तसं नसतं. तो भुसभुशीत, फूटभर वितळला तर हाती साधारण इंचभर पाणी लागतं.

तो कागद अजून त्याच्या डायरीत आहे, आणि यंदाच्या सहलीच्या चर्चेत तोच आडवा आला. तो आता आजोबा झालाय, लेकीचा मुलगा नांदेडला दुसरीत. त्यानं मोबाइलवर ट्यूबिंग बघितलंय आणि त्याला बाहेरचा, उघड्यावरचा बर्फ हवाय. जावयानं परदेशातल्या एका पार्कचे दर काढले. आजोबांनी दरांआधी विचारलं, ‘‘तिथला बर्फ पडतो की पाडतात?’’ पाडतात म्हटल्यावर बेत हिमाचलवर आला. सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटर, उंची सुमारे अडीच हजार मीटर, उतार मोकळा. सोलंगला बर्फ कमी असेल तर अटल बोगद्यातून सिस्सूला जायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की लाहौल, आणि तिथं तीन हजार मीटरच्या वर बर्फ जास्त दिवस टिकतो.

खरी अडचण तारखेची निघाली. शाळांना सुट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत सोलंगला गवत असतं, मेमध्ये पुन्हा गवत. मेमध्ये बर्फ हवा तर रोहतांग. तिथं हरित लवादाच्या आदेशानंतर रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे आणि परवाना काढावा लागतो. ट्यूबचे दिवस साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. नाताळात गर्दी फार आणि बर्फाची खात्री कमी. राहिला जानेवारीचा उत्तरार्ध, म्हणजे ऐन सराव परीक्षांचा काळ.

लातुरात ही साधी गोष्ट नव्हे. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’नं शहराला नाव दिलं आणि घरोघरच्या कॅलेंडरचा ताबा घेतला. पुतण्याची मुलगी अकरावीला, ‘नीट’ची तयारी करते. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘आजोबा, मी २०२७ नंतर.’’ तिच्या आईनं मागून खूण केली, विचारूच नका. त्यामुळं पुतण्याचं कुटुंब गळालं. उरले नांदेडचे तिघं आणि लातूरचे दोघं.

गाडीवर मात्र वाद झाला नाही. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट उत्तरेला जाते. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंची ही गाडी, आणि वाटेतल्या स्टेशनांवर शीख सेवेकरी सगळ्या प्रवाशांना लंगर वाढतात, हे नांदेडच्या घराघरात ठाऊक आहे. आजीनं शेंगदाण्याची चटणी, धपाटे नि दशम्यांची यादी केलीच, पण ताट-वाटी हाताशी ठेवायची हेही तिनंच सांगितलं. अंबाल्याला उतरून पुढं मोटार. मंडीच्या पुढं पंडोह धरण लागतं. १९७७ पासून तिथून बियासचं पाणी बोगद्यांनी सतलजमध्ये वळवलंय. आजोबांना तिथं तासभर थांबायचं आहे. ‘‘ट्यूब एकदा खाली आली की झालं. हे पाणी बघा, बर्फाचं आहे, उन्हाळ्यातही येतं,’’ असं त्यांनी नातवाला समजावलं. गोदावरी काय, मांजरा काय, दोन्ही पावसावर जगणाऱ्या. डोंगरात साठवलेला बर्फ त्यांच्या मागं नाही. नातवानं विचारलं, धरणावर ट्यूब चालते का.

बाकीची तयारी त्यांनी पंक्चरवाल्याच्या नजरेनं केली आहे. जीनची पँट नको, सुती कपडा भिजला की अंगाला गारठा धरतो. आत लोकर, बाहेर पाणी न शिरणारं कापड. दर आधी ठरवायचा, आणि एक फेरी म्हणजे उतार किती लांब, तेही. पहाटेचा बर्फ टणक, त्यावर ट्यूब सुसाट जाते. दुपारी मऊ पडल्यावर वेग उतरतो, म्हणून नातवासाठी दुपार. दोन ट्यूब एकत्र बांधून बसायचं नाही. बसण्याआधी खाली जाऊन बघायचं की ट्यूब थांबते ती जागा सपाट आहे का, तिथं दगड, झाड, घोडे किंवा चहाची टपरी तर नाही. तसं असेल तर कितीही रांग लावली असली तरी परत फिरायचं. पाय वर, बूट टेकवून ब्रेक लावायला जायचं नाही. घोटा तिथंच मोडतो. आजी ट्यूबवर बसणार नाही, पण फोटोपुरती बसेन म्हणाली आहे.

लातूर-नांदेडकडून ज्यांना असं जायचं असेल त्यांना दोन गोष्टी सांगायच्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला बसा. आणि घरातलं मूल अजून नववीच्या आत असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका, याच हंगामात निघा.