तोल गेला म्हणजे दारूच नव्हे

वाचकहो, आज खत-बियाण्याचे काही सांगत नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तुमच्या हातून ती होऊ नये, एवढीच इच्छा.

आमच्या भागात एक तात्या आहेत. चाड्यावर मूठ धरावी तर तात्यांनीच. बैल चालायचे, मुठीतून ज्वारीचा दाणा सुटायचा आणि उगवण झाल्यावर ओळीत कुठे दाटी नाही की नांग्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी रब्बीच्या तोंडावर त्यांच्या गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. तात्या आले ते झोकांड्या खात. जीभ जड झालेली. सतरंजीवर बसता बसता ओकले. मागून कोणी तरी हसले, "आज सकाळीच घेतलेली दिसते." तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. तरी मीही म्हणालो, "तात्या, घरी जाऊन पडा. उद्या बोलू." ते काही सांगू पाहत होते. मी ऐकून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. लहान मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टर एवढेच म्हणाले, "कालच आणायला हवे होते."

हा लहान मेंदू डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या बाजूस असतो. वजनाने साऱ्या मेंदूचा सुमारे दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यात असतात. हालचालीचा हुकूम मोठा मेंदू देतो, माप लहान मेंदू सांभाळतो. हात किती लांब जावा, कुठे थांबावा, कोणता स्नायू आधी आवळावा हे तो पाहतो आणि चूक तिथल्या तिथे सुधारतो. सवयीचे काम हात आपोआप करतो, ते त्याच्याच जोरावर.

तो बिघडला की ताकद जात नाही, अंदाज जातो. पेल्याकडे नेलेला हात पेल्याजवळ पोचताना जास्त कापतो. माणूस पाय फाकवून चालतो. बिघाड उजवीकडे असेल तर त्रास उजव्याच अंगाला होतो. पहिल्या महायुद्धात डोक्यामागे गोळी लागलेले सैनिक तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१७ साली हे बारकाईने लिहून ठेवले.

कोंबड्या पाळणाऱ्यांना एक खूण सांगतो. खाद्य खवट झाले, त्यातले ई जीवनसत्त्व कमी पडले, तर पिले मान वाकडी करून कोलमडतात. तिथेही लहान मेंदूच बिघडलेला असतो. पिलू कोलमडले तर आपण खाद्य तपासतो. माणूस कोलमडला तर हसतो!

दारूचा अंमलही लहान मेंदूवर होतो, म्हणून दोन्ही चाली सारख्या दिसतात. आणि रोज पिणाऱ्यालाही हे दुखणे होऊ शकते. तेव्हा कोणाचा एकाएकी तोल गेला, गरगरून ओकारी झाली, बोलणे बोबडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, तर वास घेत बसू नका. लिंबूपाणी पाजू नका; ठसका लागून ते श्वासनळीत जाईल. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टरच तपासून ठरवतात.

तात्या वाचले. रोजच्या सरावाने आता काठी टेकत शेतापर्यंत येतात. गेल्या पेरणीला बांधावर बसून नातवाला मूठ धरायला शिकवत होते. मी जवळ बसून माफी मागितली. तात्या मूठभर ज्वारी हातात घेऊन म्हणाले, "जाऊ द्या, साहेब. दाणा अजून मुठीत मावतो. सोडायचा किती, तेवढे हाताला कळत नाही."