ऊन पाण्याची कुंडं आणि मावशींचे तळवे

"डॉक्टर, वज्रेश्वरीला जाऊन आले. कुंडात पाय सोडून बसले, गुडघे हलके झाले बघा." करंजाच्या एक मावशी खुशीत सांगत होत्या. गुडघे हलके झालेही असतील. पण दोन्ही तळव्यांवर फोड होते आणि ते त्यांना दुखतच नव्हते. पंधरा वर्षांचा मधुमेह!

कोकणात गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतात. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, ही नावं त्याच पाण्याची. ज्वालामुखीचा इथे संबंध नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं तानसा नदीच्या परिसरातली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं, असं सांगतात. पुढे गणेशपुरीत नित्यानंद स्वामी राहिले. दर्शन आणि आंघोळ इथे जोडीनेच चालतात.

साधारण त्याच काळात, १७४२ मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम झऱ्याच्या उपचारांसाठी गरिबांचं इस्पितळ उघडलं. तिथे लुळे पडलेले रोगी येत आणि त्यातले बरेच सुधारत. अनेकांना शिशाची विषबाधा असे. गळ्यापर्यंत पाण्यात तासन् तास बसलं की पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे सरकतं, लघवी वाढते आणि शिसंही जास्त बाहेर पडतं. म्हणजे गुण खरा होता, फक्त त्याचं श्रेय झऱ्यातल्या क्षारांना मिळालं. (आपल्याकडे ते गंधकाला मिळतं.)

गुडघ्यांचंही तसंच. उबेने स्नायू सैल होतात, पाण्यात वजन हलकं होतं, दुखणं काही काळ थांबतं. झिजलेली कूर्चा मात्र भरून येत नाही.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे चटका कळतच नाही. म्हणून पाय बुडवण्याआधी, ज्याला शुगर नाही अशा माणसाला पाण्यात हात घालून बघायला सांगा. पायाला जखम असेल तर कुंडात उतरूच नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर थोडा वेळच बसा आणि सावकाश उठा, नाहीतर चक्कर येते. हृदयविकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

मावशींच्या जखमा भरायला अडीच महिने लागले. एक बोट जाता जाता वाचलं. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, "या वर्षी पण जाणार हां. नातीला नेते, ती बघेल पाणी."

मी म्हटलं, "जा. आल्यावर आधी तळवे दाखवायला या."