हब लॉक केलंस का?

शनिवारी सकाळी पावणेसातला लोणावळ्यात कटिंग मारायचा, भुशी डॅमची गर्दी जमायच्या आत तो टप्पा ओलांडायचा आणि पेठ शहापूर, साल्तर खिंड, तैलबैला, भांबर्डे, निवे असं करत ताम्हिणीत उतरायचं. एवढाच प्लॅन. मंडळी तीन. मी, माझी रूममेट आणि २००० सालची मारुती जिप्सी किंग.

गाडी मामाची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला गाडीखाली शिरता येत नाही, आणि जी गाडी आपण उघडू शकत नाही ती ठेवायची कशाला, असा त्याचा फंडा. गिऱ्हाईकही ठरलं होतं. मी म्हटलं, "मला दे." तो म्हणाला, "देतो. पण तिची थरथर तू स्वतः घालवायचीस, गॅरेजला न देता. ऑक्टोबरात आरटीओची तपासणी आहे. तोवर जमलं नाही तर गाडी त्या माणसाची."

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं. २०१५ आणि २०२० मामाने पार पाडली. २०२५ माझ्या गळ्यात पडलं.

थरथर म्हणजे काय, हे जिप्सीवाल्यांना सांगायला नको. साठच्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं काही नाचायला लागतं, की गाडी सोडून पळून जावंसं वाटतं. वेग कमी करेपर्यंत थांबत नाही. गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे आख्खे अ‍ॅक्सल आणि पाटे, त्यामुळे एका चाकाचं दुखणं दुसऱ्यालाही कळतं. बहुतेक जण नवे टायर घालतात, व्हील बॅलन्सिंग करतात, आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

आमचा गॅरेज शो कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दर रविवारी. मामा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी जमिनीवर. पहिला नियम, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, खाली स्टँड हवाच. मग त्याने मला चाक वर आणि खाली धरून हलवायला लावलं. खटखट जाणवली. "आता मैत्रिणीला ब्रेक दाबून धरायला सांग, आणि पुन्हा हलव." ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंग पिनचं. आमची राहिली. डावी-उजवीकडे धरून हलवलं असतं आणि खटखटलं असतं, तर टाय रॉडचे एंड. शाळेत फिजिक्स असं शिकवलं असतं तर मी आज हिंजवडीत एक्सेल शीट भरत बसले नसते.

बेअरिंग नाना पेठेत नवी मिळाली. दुकानातल्या चाचांनी माझ्याकडे, मग माझ्या नेलपॉलिशकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, मिस्त्री कोण आहे?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी न बोलता ग्रीसचा डबा आणि नकलचं सील पुढे सरकवलं. "मग हेही लागणार."

लागलंच. नकल उघडल्यावर आतलं ग्रीस आणि डिफरन्शिअलचं तेल एकत्र होऊन काळी खीर झालेली. ती पुसण्यात एक आख्खा रविवार गेला. किंग पिनखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या कमी-जास्त करून बेअरिंगवर किती दाब बसवायचा ते ठरतं. नकल फार सैल नको, फार घट्टही नको. हे मोजायला मामाने काय काढलं? रद्दीवाल्याचा स्प्रिंगकाटा! सील बाहेर ठेवून, टाय रॉडच्या भोकात हूक अडकवून ओढायचं, नकल वळायला लागली की आकडा वाचायचा. एक शिम काढली, पुन्हा ओढलं. असं चार वेळा. शेजारचे काका म्हणाले, "किलोने विकताय का?"

अपग्रेडच्या बाबतीत मामा एकदम कंजूष. मला गाडी उंच करायची होती, रुंद टायर हवे होते, पुढे भक्कम गार्ड हवा होता. त्याने एकेक काट मारली. मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. क्रॅश गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. मग केलं काय? हेडलाइटला रिले लावले. जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि बल्ब मिणमिणतो. रिले लावला की बॅटरीतून थेट मिळतो. बल्ब तोच, उजेड कसला सॉलिड! दुसरं काम डिफरन्शिअलच्या ब्रीदरचं. चालून तापलेला डिफरन्शिअल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरची नळी लांबवून वर नेली की पाण्याऐवजी हवा आत जाते. मागची नेली. पुढच्यासाठी नळी वीतभर कमी पडली. म्हटलं, चालतंय.

तर, शनिवार. साल्तर खिंडीपर्यंत स्टिअरिंग गप्प. साठला मी मुद्दाम एक खड्डा घेतला, काही नाही! रूममेटने टाळ्या वाजवल्या. पावसाळा सरता सरता तैलबैल्याच्या त्या दोन कातळभिंती ढगातून अर्ध्या बाहेर आलेल्या असतात, मधे तो खाचेसारखा व्ही. फोटोत ते येत नाही, उगाच प्रयत्न करू नका.

डांबरी सोडून पठारावर शिरलो, आणि दीडशे मीटरवर चिखलात बसलो. टायरची हवा अठरापर्यंत सोडली, लीव्हर फोर-लो. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची ढिम्म. मग मामाला फोन. रेंज एकच काडी. त्याचा पहिला प्रश्न, "हब लॉक केलंस का?"

पुढच्या चाकांच्या मधोमध त्या दोन चकत्या असतात ना, त्या हाताने फ्री वरून लॉक वर फिरवाव्या लागतात. मी सगळं केलं, तेवढंच राहिलं. पुढचे अ‍ॅक्सल आत गरगरत होते आणि चाकांना पत्ताच नाही. गुडघाभर चिखलात उतरून दोन्ही चकत्या फिरवल्या. गाडी म्हशीसारखी शांतपणे उठून बाहेर आली. पुढे भांबर्ड्याच्या अलीकडे ओढा लागला. मी आधी चालत जाऊन काठीने तळ पाहिला, मगच गाडी घातली.

रविवारी तेल तपासलं. आधी भरायचं बूच उघडायचं, मगच खालचं. वरचं अडकून बसलं आणि तेल आधीच सांडून गेलं, तर गाडी जागेवरच. मागचं तेल मधासारखं स्वच्छ. पुढचं किंचित दुधाळ. वीतभर नळी!

मामाने बोटावर घेऊन पाहिलं. "थोडंच शिरलंय. नाना पेठ उघडली की तेल आण. आणि नळी."

गुरुवारी आरटीओत गाडी पास झाली. त्या गिऱ्हाइकाला मामाने अजून फोन केलेला नाही. मीही विचारत नाही.