देवबागच्या खाडीत

मालवणजवळचे देवबाग म्हणजे कर्ली खाडी व अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. हिवाळ्यात येथे पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, पाणी शांत असते. आम्ही दोन कुटुंबे तेथील मच्छीमार काकांच्या होडीतून गरी टाकायला निघालो. कोळंबीच्या आमिषाला चार मुडदुशे लागले. मुलांना संगमापर्यंत जायचे होते. पण आभाळ भरून आले, खारा वारा लवकरच सुटला.

काका म्हणाले, "ओहोटीचा पाणी भायर धावता, वारो आत ढकलता. संगमार लाट उभी रवतली." होडी वळली. मुले रुसली, पण सुखरूप किनाऱ्याला लागली.

वाचकहो, कष्टकऱ्याचे ज्ञान हीसुद्धा विद्याच आहे. मुलांना लाइफ जॅकेट घाला, होडीवाल्याचा शब्द माना आणि अर्ध्यावरून परतलात तरी त्याची मजुरी पूर्ण द्या.