सर्दी आणि तिसरी घंटा

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

सकाळी उठले ती घशातली खरखर घेऊनच. गिळताना उजव्या बाजूला टोचतंय. माझ्या सर्दीचा क्रम ठरलेला आहे: आज घसा, उद्या नाक, परवा आवाज. आणि उद्या-परवा नेमके शनिवार-रविवार, म्हणजे नाटकाचे प्रयोग. शनिवारी दुपारी डोंबिवली. रविवारी दुपारी शिवाजी मंदिर आणि रात्री ठाण्याला घाणेकर नाट्यगृह.

दिवसभर मालिकेचं शूटिंग होतं, घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात. सातचा कॉलटाइम. टेक लागला की आवाज नको म्हणून एसी बंद, कट झाला की पुन्हा चालू. अंगावर भरजरी साडी, समोर लाईट, पाठीवर घाम आणि त्या घामावर गार वारा. पहिली शिंक आली तेव्हा मेकअपदादांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले. "ताई, एचएमपीव्ही नाही ना?" सोमवारी बंगळुरूत दोन बाळांमध्ये तो सापडल्याची बातमी आली, मंगळवारी नागपूरचे संशयित रुग्ण आले, आणि तेव्हापासून शिंकणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. खरं तर हा विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. त्याच्याही आधीपासून तो माणसांच्या नाकांत नांदत असणार. पण २०२० ची धास्ती अजून कुणाच्या अंगातून गेलेली नाही.

रात्री नाटकाच्या व्यवस्थापकांचा फोन. "ताई, डोंबिवलीचं बुकिंग मस्त आहे. पुढच्या पंधरा रांगा गेल्या." मी म्हटलं, "भाऊ, सर्दी झालीय." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, "काढा घ्या. आलं जरा जास्त घाला."

त्यांचंही चूक नाही. आमच्याकडे पगार नसतो, नाईट असते. प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे पैसे, नाही झाला तर काही नाही. हा हिशेब माझ्या एकटीचा असता तर गोष्ट वेगळी. पण सेट लावणारी मुलं, प्रकाशयोजना चालवणारा, साउंडवाला, कपडेपटातली मुलगी, सगळ्यांची नाईट माझ्या घशाला बांधलेली. माझ्या नाइटपेक्षा त्यांची कितीतरी लहान, आणि त्यांच्याकडे मालिका नाही.

११ जानेवारी, शनिवार

डोंबिवली. सावित्रीबाई फुले कलामंदिरात पोचले तेव्हा नाक दोन्हीकडून बंद. मेकअप करता करता संवाद म्हणून पाहिले. 'मनू, माझं नाव नको घेऊस' हे वाक्य 'बदू, बाझं दाव दको घेऊस' असं बाहेर पडलं. म आणि न हे नाकातून सुटणारे वर्ण. वाट बंद झाली की ते ब आणि द होऊन तोंडातून येतात. लेखकाने माझ्या मुलाचं नाव मनू ठेवलं आहे, आणि पहिल्या अंकात मी त्याला सारखी हाक मारते. लेखकाला सर्दी होत नसावी.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, मी विंगेतून पाऊल टाकलं आणि नाक मोकळं झालं. दर वेळी हे असंच होतं आणि दर वेळी मला नवल वाटतं. ज्येष्ठ कलावंत याला रंगदेवतेची कृपा म्हणतात. डॉक्टर म्हणतात ॲड्रेनॅलिन: छातीत धडधडायला लागलं की नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हवेला वाट मिळते. दोन्ही खुलासे मला पटतात. मात्र दोन्हींचा अंमल मध्यंतरापर्यंतच टिकतो. मेकअप रूममध्ये येऊन खुर्चीत बसले आणि नाक पुन्हा बंद.

नाकापेक्षा कानांनी जास्त छळलं. नाकामागून कानाकडे जाणारी नळी सुजली की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाहेरचं सगळं लांब जातं. विनोदी नाटकात हशा ऐकू येणं हे अर्धं काम. हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरायला लागतो, आणि तो उतरताना पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर वाक्य बुडतं, उशीर केला तर प्रयोग बसतो. आज मला हशा ऐकूच येत नव्हता. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या खांद्यांकडे बघत राहिले. ते हलायचे थांबले की मी बोलायचे.

दुसऱ्या अंकात पोहे येतात. मी झाकण काढते आणि म्हणते, "अहाहा, काय वास सुटलाय!" वास कसला, मला त्या क्षणी बशीत फिनेल असतं तरी कळलं नसतं. वाक्य म्हटलं, श्वास आत ओढला, आणि सणसणीत शिंक आली. संहितेत नसलेली. क्षणभर सगळं थांबलं. मग माझा रंगमंचावरचा नवरा शांतपणे पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाला, "लिंबू पिळ म्हटलं होतं, एवढं नाही." हशा असा उसळला की तो मात्र मलाही ऐकू आला.

१२ जानेवारी, रविवार

शिवाजी मंदिर निभावलं. साउंडवाल्या मुलाने विचारलंही नाही, आपणहून माझा लेपल माइक थोडा वर चढवला होता. सुनेचं काम करणारी मुलगी माझ्या लांब वाक्याच्या मधोमध "हो ना आई" घालून मला श्वास देत होती. ही अशी मदत तालमीत शिकवता येत नाही.

रात्री ठाण्याला तिसऱ्या प्रवेशात आवाज फाटला. भांडणाचा प्रवेश, वरच्या पट्टीतला. तोंड उघडलं आणि नुसती हवा. दुसऱ्या प्रयत्नात एक जाड, पुरुषी आवाज निघाला. उरलेला प्रवेश त्या आवाजात, दबक्या रागाने केला. प्रयोगानंतर एक बाई आत येऊन म्हणाल्या, "तो राग काय गिळलात हो तुम्ही!" मी हात जोडले. बोलणं शक्यच नव्हतं.

बसमध्ये कौतुक चाललं होतं. तब्येत बरी नसताना तीन प्रयोग केले, याला म्हणतात निष्ठा. मग अर्थात १९११ मधला 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग निघाला. त्या दिवशी मुलीचं निधन झालेलं असूनही बालगंधर्व उभे राहिले, ही कथा ऐकतच आम्ही सगळे या धंद्यात वाढलो. तिच्यापुढे सर्दीसाठी सुट्टी मागणार कोण? मला त्या कथेत बालगंधर्वांचं मोठेपण दिसतं, तसं हेही दिसतं की त्या दिवशी 'आज नको' म्हणायची सोय त्यांना कुणी ठेवली नव्हती.

१३ जानेवारी, सोमवार

घशाचे डॉक्टर. नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र पडद्यावर दाखवलं. एरवी पांढऱ्या असतात त्या दोन पट्ट्या गुलाबी आणि सुजलेल्या. बाईमाणूस बोलते तेव्हा त्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. सूज आली की जड होतात, सावकाश हलतात, म्हणून आवाज खाली जातो. कालच्या माझ्या 'गिळलेल्या रागा'चं रहस्य एवढंच.

मी पाटीवर प्रश्न लिहिले, त्यांनी तोंडी उत्तरं दिली. अँटिबायोटिक? विषाणूवर चालत नाही. नाकातले थेंब? तीन दिवसांच्या वर नकोत, नाहीतर थेंबांमुळेच नाक बंद राहायला लागतं. सर्दीची गोळी? झोप आणते आणि नाकाबरोबर घसाही सुकवते. बोलून पोट भरणाऱ्याने जपून. ज्येष्ठमध? चघळा, पण दिवसभर नको, अती झालं तर रक्तदाब वाढतो. वाफ? बरं वाटत असेल तर घ्या, सर्दी त्याने लवकर जाणार नाही, आणि गरम पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊ नका. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन नको, सुजलेल्या पट्टीत रक्तस्राव व्हायची भीती.

शेवटी मी लिहिलं, 'स्टेरॉइड?' गाणाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. ते म्हणाले, "सूज उतरेल, आवाज येईल, तुम्ही ओरडाल, आणि इजा झालेली तुम्हाला कळणार नाही. आयुष्यातला एकच प्रयोग उरला असेल तर विचार करू." औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला: मौन. "कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यानेही घसा ताणला जातो. आणि खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळेल, त्याला घाबरून पुन्हा येऊ नका."

१४ जानेवारी, मंगळवार

मकर संक्रांत. सकाळपासून दारात माणसं. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी तिळगूळ घेते, छातीवर हात ठेवून मान डोलावते. शेजारच्या आजींना वाटलं मी रुसले आहे. त्यांनी आणखी एक वडी हातावर ठेवली.

मालिकेचा प्रश्न मात्र एका फोनात सुटला. फोन अर्थात घरच्यांनी केला. तासाभरात लेखिकेचा निरोप आला: सासूबाई रागावून अबोला धरतात. नुसत्या डोळ्यांनी चार प्रवेश. वर एवढंही, की मागे घेतलेल्या दोन वाक्यांत आवाज घोगरा आहे, तो नंतर डबिंगला सुधारू. आजारी पात्राला मालिका परगावी पाठवते, कोमात घालते, अबोल करते. आधीच शूट केलेल्या एपिसोडची बँक असली की अडत नाही. नाटकाकडे बँक नाही. प्रेक्षक आज आलेला असतो आणि त्याला आजच ऐकायचं असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सुनेला सर्दी. साउंडवाल्याला सर्दी. मेकअपदादा दोन पावलं मागे सरकूनही सुटले नाहीत. बस बंद, तीच हवा, तेच पाण्याचे जग, मेकअपचे तेच स्पंज. माझ्या निष्ठेचं कौतुक झालं तेव्हा ती अशी वाटली जाते आहे, हे कुणी बोललं नव्हतं.

आज आवाज थोडा परतला. पहिलं वाक्य निर्मात्यांशी बोलले: माझ्या भूमिकेसाठी रिप्लेसमेंट तयार ठेवा. कपडेपटातली मुलगी आहे. रोज विंगेत उभी राहून माझं नाटक ओठांनी म्हणते. रविवारी माझा आवाज गेला तेव्हा तिचे ओठ माझ्या पुढे होते. निर्माते म्हणाले, तालमीचा हॉल, तालमीचा खर्च. रास्त आहे. चालत्या नाटकाच्या पुन्हा तालमी घ्यायला कोण तयार होतो?

पण सगळा दोष पैशाचा नाही. फोन ठेवल्यावर माझ्याच पोटात खड्डा पडला. ती चांगलं करेल याची मला खात्री आहे, आणि अडचण तीच आहे. आपल्यावाचून प्रयोग अडतो, ही या धंद्यातली आमची एकमेव शाश्वती. तापात उभे राहणारे आम्ही सगळे प्रेक्षकांसाठी उभे असतो, सहकाऱ्यांच्या नाइटसाठी असतो, आणि आपली जागा दुसऱ्या कुणी घेऊन बघू नये म्हणूनही असतो. हे तिसरं कारण सत्काराच्या भाषणात येत नाही.

रात्री निर्मात्यांचा मेसेज: 'बुधवारी दुपारी हॉल मिळतोय. तुम्ही येऊन बसाल का?' बसेन म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार

पुणे, कोथरूड. अर्धी बस मास्कमध्ये. खिडक्या उघड्या ठेवायचा ठराव झाला तो लोणावळ्यापर्यंत टिकला. घाटातल्या गारठ्याने एकेक काच बंद झाली. फूड मॉलला वडा घेतला आणि लसणाची चटणी थेट डोक्यात गेली. वास आला! समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या फिल्टर कॉफीचासुद्धा. पोह्यांच्या प्रवेशात आज खोटं बोलावं लागणार नाही.

आवाज तळाला खरखरीत आहे, वर मोकळा. भांडणाचा प्रवेश पुन्हा वरच्या पट्टीत केला. आता सुनेचं नाक बंद. तिच्या लांब वाक्यात "हो ना गं" मी घातलं.

१९ जानेवारी, रविवार

चिंचवड. दिग्दर्शक प्रयोगाला आले होते. आमच्या दिग्दर्शकांना ॲडिशनचा भयंकर राग. संहितेबाहेरचा उद्गार ऐकला तरी मध्यंतरात आत येतात. लिंबाचं वाक्य डोंबिवलीनंतर नवरोबांनी सोडलेलंच नाही. मी शिंकले नाही तरी ते झाकण ठेवून माझ्याकडे बघतात, आणि वाक्य कोरडं पडतं. कालही पडलं, आजही.

आज प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक आले. दोघंही उठून उभे राहिलो. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिंकत का नाही?"

"बरी झाले."

"तो प्रश्न नाही. डोंबिवलीचा हशा रेकॉर्डिंगमध्ये ऐकला मी. शिंक ठेवायची."

मग जाग्यावरच तालीम. खरी शिंक न विचारता येते, खोटी मापात बसवावी लागते. 'सुटलाय'नंतर श्वास, डोळे मिटायचे, एक मात्रा थांबायचं, मग शिंक. आणि झाकण तिच्या शेपटीवर. माझी पहिली शिंक खोकल्यासारखी आली, दुसरी ओरडल्यासारखी. कपडेपटातली मुलगी इस्त्री करता करता म्हणाली, "ताई, आधी वरचा ओठ हलत होता तुमचा." बरोबर होतं. तिसरी जमली. बुधवारी तिच्याही तालमीत ती शिंक असेल.

निघताना भाऊ प्रॉपर्टीची यादी तपासत होते. पोहे, बशा, कप, लिंबू, आणि खाली नवीन नोंद: तपकीर, एक डबी. "पुढे रत्नागिरी आहे ताई, वेळेवर शिंक आली नाही तर?" मी त्यांच्याच पेनाने ती ओळ खोडली. "भाऊ, नाईट घेते ती कशाची मग?"