सत्कार, मानधन आणि मान

सत्कार समारंभाची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. मंचावर पाहुणे, शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि शेवटी छायाचित्र. शहरांतील महिला सेवा क्लब हे काम कित्येक दशके निष्ठेने करीत आले आहेत. त्यांपैकी इनर व्हील हा क्लब 1924 मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे रोटरी सदस्यांच्या पत्नींनी सुरू केला आणि तो पुढे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. अशा संस्थांच्या कार्याविषयी मला आदर आहे. परंतु तेथे शाल देणारी स्त्री आणि शाल घेणारी स्त्री यांच्यामध्ये बहुधा एक पायरी असते. देणारी वर उभी असते.

इटियाडोहच्या परिसरात ही पायरी बांधायला जागाच नाही. गाढवी नदीवरील या धरणाच्या पाण्यावर ज्या बांध्या पिकतात, त्यांत रोवणीच्या दिवसांत सगळ्याच बाया कमरेत वाकलेल्या असतात. आमच्या वस्तीतील महिला मंडळ म्हणजे याच बाया. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की वर्गणी जमा होते आणि पुढच्या महिन्याचे बोलणे होते. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, 3 जानेवारीला, या मंडळाने गावाच्या उपयोगी पडणाऱ्या चौघांचा सत्कार केला. एक आशाताई, एक अंगणवाडी मदतनीस, जलाशयात कोणी बुडाले की ज्यांना हाक मारली जाते ते ढिवर समाजातील एक वृद्ध, आणि आपल्या निवासी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई. दिवस अगदी योग्य निवडला होता. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यूने गाठले. त्यांच्या नावाने सेवेचा सन्मान करायचा तर तो पोकळ असून चालणार नाही, ही जाणीव सभेत होती.

ती जाणीव शब्दांत आली स्वयंपाकीण बाईंच्या तोंडून. माइक हातात देताच त्या म्हणाल्या, "शाल तं गरम आहे जी, पण चुलीपाशी कोण घालते?" सभा हसली. बाई हसल्या नाहीत. "सुटी घेतली का रोज कटते, त्याचं काही पाहा जी," एवढे बोलून त्या खाली बसल्या.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला तेव्हा नागपूर आठवले. 20 जुलै 1942 रोजी तेथील मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. पावसाळ्यातला जुलै, म्हणजे ज्या दिवसांत मजुरी बुडवणे गरिबाला परवडत नाही ते दिवस. तरी स्त्रिया हजारोंच्या संख्येने आल्या. त्यांनी केलेले ठराव मी दरवर्षी नववीच्या वर्गात आवर्जून सांगते. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध हे ठराव पुष्कळांना ठाऊक असतात. त्याच परिषदेने गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतील कामगार स्त्रियांसाठी वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, दुखापत झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मागितले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. विडीच्या पानांवर ज्या जिल्ह्यातील अनेकांची चूल पेटली, तेथे तरी हे विस्मरणात जाऊ नये. आमच्या बाईंनी मागितली तीच रजा, आणि त्यांनी 1942 चे नावही ऐकलेले नव्हते.

'मानधन' हा शब्द मला नेहमी खटकतो. त्यात मान आहे आणि धनही आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो वेतन न म्हणण्यासाठी वापरला जातो. 2005 पासून सुरू झालेल्या योजनेत गरोदर मातेला दवाखान्यात नेणारी, लसीकरणासाठी घरोघर फिरणारी आशा ही कागदोपत्री 'स्वयंसेविका' आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. पुढे दोन वर्षेही झाली नव्हती, तोच 2024 च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते 25 एप्रिल 2022 रोजी. अंगणवाडीची योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला. मधल्या काळात किती मदतनीस नुसत्या निरोपाच्या नारळावर घरी गेल्या असतील!

याचा अर्थ सत्कार करू नये, असा मी घेत नाही. ढिवर काकांना त्या दिवशी शाल पांघरली तेव्हा त्यांना बोलता येईना. इतकी वर्षे लोकांनी त्यांना केवळ वाईट बातमीच्या वेळी बोलावले होते. चांगल्या दिवशी बोलावले गेले ते प्रथमच. हे मोल लहान नाही.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. माता रमाईंनी धारवाडच्या वसतिगृहातील उपाशी मुलांसाठी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण आपण दर जयंतीला सांगतो. ती कथा दात्याची म्हणून सांगितली जाते. मला ती स्वयंपाकघराचीही वाटते. धान्य आले, पण ते निवडून, शिजवून त्या मुलांच्या ताटात वाढणारे हात कोणाचे होते? या स्मरणिकेतही संस्थापकांची छायाचित्रे असतील, देणगीदारांची यादी असेल, गुणवंत विद्यार्थ्यांची तर असणारच. ज्यांच्या भाकरीवर ते गुणवंत झाले, त्यांच्या नावांचे एक पान असावे, अशी विनंती मी संपादक मंडळाला केली आहे. माजी विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आठवून पाहावे. शिक्षकांची नावे आठवतील, भात वाढणाऱ्या मावशींचे पूर्ण नाव आठवते का?

मंडळाने त्यानंतर एक वही केली. सत्काराला ज्याचे नाव सुचेल त्याच्या नावापुढे तीन रकाने: काम कोणते, किती वर्षांपासून, आणि काय मिळायचे राहिले आहे. तिसरा रकाना भरताना चर्चा लांबते, पौर्णिमेची सभा रात्री उशिरा उठते, आणि घरची माणसे कुरकुरतात. स्वयंपाकीण बाईंच्या पगारी रजेचा आणि भविष्य निर्वाह निधीचा अर्ज या वहीवरूनच तयार झाला. मजकूर मी लिहून दिला, वाचून दाखवला, दोन ठिकाणी बायांनी माझे अवघड शब्द खोडायला लावले. सह्यांबरोबर काही अंगठेही आहेत. शाळेच्या संचालक मंडळाने तो अर्ज पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.